सोनमाळच्या देवळासमोरची बाई

फोटोतून माणसं काढून टाकण्यात नगरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे वाक्य मी वीस वर्षं ऐटीत बोलत आलो. संपादकांनी ‘धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा’ असं कळवलं, तेव्हा तसे चार-पाच लिहून मोकळं व्हावं असंच ठरवलं होतं. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. मी बोलका माणूस नाही. डार्करूममध्ये आयुष्य गेलं, तिथे बोलायला कुणी नसतं. पण एक गोष्ट सात वर्षं पोटात आहे, आणि ती चारचौघांत सांग असं मला एका म्हाताऱ्या बाईंनी बजावलं आहे. तेव्हा तीच सांगतो. गमतीचं जे असेल ते मध्ये येईल.

माझा स्टुडिओ माळीवाडा बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. लग्नाचे, पासपोर्टचे फोटो सगळेच काढतात, मीही काढले. पण गावोगावची माणसं एसटीने माझ्याकडे यायची ती जुने फोटो घेऊन. फाटलेले, कसर लागलेले, चुलीच्या धुराने काळवंडलेले. वारलेल्या वडिलांना कोट घाला, आजोबांचा मिटलेला डोळा उघडा, असल्या मागण्या. आणि ‘अमक्याला काढून टाका’ ही मागणी तर लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त असायची.

मिरजगावकडचे एक शेतकरी एकदा दोन भावांचा फोटो घेऊन आले. मध्ये बैलजोडी, दोन्हीकडे एकेक भाऊ. म्हणाले, “ह्या धाकट्याला काढा.”

“का हो? वारले का?”

“वारला न्हाई. बांध कोरला त्यानं.”

मी धाकट्याला काढलं. जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे कडब्याची गंजी रंगवली. गंजी इतकी झकास जमली की ते खूष होऊन गेले. दोन वर्षांनी दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवरून दारात हजर. थोरले म्हणाले, “आता कडबा काढा आन् ह्याला घाला.” धाकट्याने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि भावाला विचारलं, “दोन वर्सं मी कडबा हुतो व्हय?”

त्या दिवशी तिघेही पोट धरून हसलो. धाकटा पुन्हा फोटोत जाऊ शकला, कारण त्यांचा मूळ फोटो जसाच्या तसा होता. हे नीट समजावून सांगतो, पुढचं सगळं यावर उभं आहे.

फोटोचा कागद म्हणजे साध्या कागदावर चढवलेला एक पातळ थर. चित्र त्या थरात असतं. पांढऱ्या जागी काळं हवं असेल तर बारीक ब्रशाने रंग भरायचा. चुकला तर ओल्या कापसाने पुसून घेता येतो. काळ्या जागी पांढरं हवं असेल तर रंगाचा उपयोग नाही, तो वर उठून दिसतो. तिथे दाढीच्या ब्लेडचा कोपरा मोडून घ्यायचा आणि तो थर हलक्या हाताने खरवडायचा, खालचा पांढरा कागद दिसेपर्यंत. भरलेलं पुसता येतं. खरवडलेलं पुन्हा येत नाही. आता पुण्यात संगणक आले आहेत, एक बटण दाबलं की माणूस जातो, दुसरं दाबलं की येतो म्हणे. आमच्याकडे दुसरं बटण नव्हतं. म्हणून धंद्यातला पहिला नियम असा, की मूळ फोटोला ब्लेड लावायचं नाही. आधी त्याचा फोटो काढायचा, मोठी प्रत करायची, जे काय करायचं ते त्या प्रतीवर, आणि मग तिची पुन्हा कॉपी. हा नियम मला माझ्या उस्तादांनी शिकवला आणि मी तो आयुष्यात एकदाच मोडला.

सोनमाळ हे गाव मिरजगावच्या रस्त्याने जाताना फाट्यावर उतरून आत चालत गेलं की लागतं. गावात आमचं ख्रिस्ती देऊळ आहे. चर्च हा शब्द आम्ही पाटीवर लिहितो, बोलताना देऊळच म्हणतो. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, दाराला कमान, आणि बाहेर दोन खांबांच्या मध्ये टांगलेली घंटा. त्याला नव्वद वर्षं पूर्ण झाली तेव्हा मंडळीने स्मरणिका काढायचं ठरवलं. देवळाच्या पंचांचे सेक्रेटरी निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. ते एका दुपारी रुमालात गुंडाळलेलं एक पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आले.

जुन्या काळी मिशनचे साहेब नव्या देवळांचे फोटो थेट पोस्टकार्डाच्या जाड कागदावर छापून आपल्या देशी पाठवायचे. पुढे फोटो, मागे पत्ता आणि मजकूर. एका निगेटिव्हवरून दहा-वीस प्रती निघायच्या, एखादी इथल्या पाळकांना, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंना मिळायची. हे कार्ड तसं. कित्येक वर्षं देवळाच्या पेटीत कुलपात होतं, त्यामुळे रंग उडाला नव्हता. मागची बाजू कोरी. पुढे देऊळ, पायरीवर टोपी हातात धरलेला साहेब, त्याच्या दोन्ही बाजूंना फेटे बांधलेले चार पुरुष, सगळे ताठ आणि भलतीकडे बघणारे. आणि डावीकडे, जरा अंतर सोडून, एक बाई. गडद लुगडं, कमरेवर दगड-मातीची पाटी. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. फोटोतल्या सहा जणांत कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी ती एकटी.

“छान आहे कार्ड,” मी म्हणालो.

“मुखपृष्ठावर घ्यायचंय. उद्या सकाळी प्रेसला द्यायचंय,” गुरुजी म्हणाले. मग आवाज उतरवून, “ती बाई तेवढी काढा.”

“कोण आहे ही?”

“कोण असणार, बिगारी. साहेब, पाळक, पंच कसे नीट उभे आहेत, आणि ही मध्येच पाटी घेऊन. आपली मुलं आता डॉक्टर झाली, मास्तर झाली. पाहुणे येणार आहेत. बरं दिसत नाही ते.”

आता खरं लिहितो. मला ते पटलं. माझी आजीसुद्धा बांधकामावर पाट्या वाहायची. ते मी कुणाला सांगत नसे. तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. त्या कार्डातली बाई बघताना माझ्या मनात जे आलं ते गुरुजींच्या मनातलंच होतं, फक्त त्यांनी बोलून दाखवलं.

कॅमेऱ्यातल्या रोलमध्ये शेवटच्या दोन फ्रेम उरल्या होत्या. नियमाप्रमाणे एक फ्रेम आधी मूळ कार्डासाठी वापरायची. पण कॉपीची कॉपी केली की फोटो भरड होतो, दगडांचे सांधे बुजतात, आणि मला हे मुखपृष्ठ असं करायचं होतं की बघणाऱ्याने विचारावं, कुणाचं काम? कार्डावरच हात चालवला तर एक पायरी वाचत होती. दोन्ही फ्रेम मी स्वच्छ चित्रासाठी राखून ठेवल्या. ब्लेडचा कोपरा मोडला आणि खरवडायला बसलो. आधी पाटी, मग लुगडं. चेहरा शेवटी. त्याला तीन-चार फटकारे पुरले. मग वर ब्रशाने भिंतीचे दगड रंगवले, सांध्यातला चुनासुद्धा दाखवला. गुरुजींनी कार्ड डोळ्याजवळ नेऊन पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

स्मरणिका निघाली. मुखपृष्ठाचं कौतुक झालं.

पंधरा-वीस दिवसांनी स्टुडिओत एक म्हाताऱ्या बाई आल्या. पंचाहत्तरीच्या असतील. हातात छत्री, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत स्मरणिका. “सलाम,” म्हणाल्या. मीही सलाम केला, आमच्यात नमस्कार तसाच करतात. त्यांनी आपलं नाव सालोमीबाई सांगितलं आणि स्मरणिका काउंटरवर ठेवली.

“फोटोवाले, ह्यात माझी आजी हुती. कुटं गेली?”

मी काउंटरवरची स्मरणिका उगाच सरळ केली.

“हितं उभी हुती,” त्यांनी नेमक्या जागेवर बोट ठेवलं. “कमरंवर पाटी. मी ल्हान असताना पाळकांच्या घरात ह्ये कार्ड भितीवर हुतं. आजी मला उचलून दाखवायची, म्हनायची ही मी. देवळाच्या दाराच्या उजव्या अंगाचा तिसरा धोंडा तिनं वाहिलेला. तिचा दुसरा फोटो न्हाई. मला त्या अख्ख्या कार्डाची कापी द्या.”

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. शिव्या खाल्ल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. मी म्हणालो, “आजी, कार्डात बाई नव्हती. तुमची काहीतरी गल्लत होतेय. लहानपणचं आहे ना, होतं असं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने टिपून त्या निघाल्या, आणि दारातून परत वळून म्हणाल्या, “न्हवती?”

“नव्हती.”

या एका शब्दाने काय झालं ते मला सहा महिन्यांनी कळलं. सोनमाळला नवे पाळक आले होते. ते फोटो काढायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, “आमच्या सालोमीबाई आता भ्रमिष्ट व्हायला लागल्यात बिचाऱ्या.” मी विचारलं, कसं काय? तर म्हणाले, शब्बाथ शाळेत, म्हणजे देवळातल्या रविवारच्या वर्गात, त्या मुलांना देऊळ कसं बांधलं त्याच्या गोष्टी सांगायच्या, आपली आजी कार्डात आहे असं सांगायच्या. पंचांनी पेटीतून कार्ड काढून त्यांना दाखवलं, त्यात बाई नाही. तरी त्या ऐकेनात. घरात सून, शालन, ती सगळ्यांदेखत म्हणाली, “म्हातारीला भास होतो.” मग शब्बाथ शाळेच्या गोष्टी बंद झाल्या. “आता बोलत नाहीत फारसं,” पाळक म्हणाले. “परवा मलाच विचारत होत्या, ती हुती का न्हवती हो?”

गुरुजी तोवर मुलाकडे नाशिकला गेले होते. पुढे तिकडेच वारले. खरं माहीत असणारा मी एकटा उरलो. माझं काम इतकं सफाईदार होतं की पंचांसमोर ते कार्डच साक्षीला उभं राहिलं.

सांगायचं धाडस मला झालं नाही. पण एक हिशोब मात्र डोक्यात सारखा फिरत होता. निगेटिव्ह एक, प्रती दहा-वीस. एक मी खरवडली. बाकीच्या कुठेतरी असणार. परदेशात गेल्या त्या गेल्या, पण एखादी तरी या जिल्ह्यात असेल, आणि असेल तर मी ती शोधून काढीन. त्या दिवशी ठरवलं आणि पुढची चार वर्षं मागे हटलो नाही.

रविवारची उपासना आटोपली की मी एसटी पकडायचो. जिथे जिथे जुनं ख्रिस्ती देऊळ तिथे जायचं, जुन्या घरांचे पत्ते घ्यायचे, चहा प्यायचा आणि कार्डं विचारायची. हळूहळू एक शिकलो. आमच्या घरांत जुने कागद शोधायचे तर ट्रंक नंतर, आधी बायबल उघडावं. पहिल्या पानावर जन्म, मृत्यू, बाप्तिस्मे लिहिलेले असतात आणि मधल्या पानांत सगळं घराणं दडपलेलं. सुकलेली फुलं, मुलाच्या जावळाचा केस, शाळेचा दाखला, आणि नशीब असेल तर कार्ड. किती देवळं अशी माझ्या हाती आली! कमानीवरून, घंटेच्या खांबांवरून, शेजारच्या विहिरीवरून मी गाव ओळखायला शिकलो. एका देवळात आता बालवाडी भरते. एकाची घंटा शाळेत गेली आहे आणि तिथली म्हातारी माणसं मधल्या सुट्टीच्या टोल्यालासुद्धा अजून टोपी काढतात. एका घरात कार्डातल्या फेटेवाल्याला बघून नातू ओरडला, “हे तर आपले आण्णा!” तो पणजा होता, पण नाक तेच. त्या सगळ्या कार्डांच्या मी कॉप्या केल्या. एकाही कॉपीला ब्रश लावला नाही. डाग असेल तर डाग.

सोनमाळचं कार्ड मात्र कुठेच नव्हतं.

राहात्याला माझे एक स्नेही आहेत, अन्वरभाई, फ्रेमवाले. शिर्डी जवळ असल्याने त्यांना दिवसभर फ्रेमचं काम. नव्या फ्रेम तर असतातच, पण फुटलेली काच बदलायला जुन्याही येतात. जुन्या फ्रेमच्या पाठीमागे काय असतं ते फ्रेमवाल्यालाच माहीत. पूर्वी तसबिरीला मागून आधार द्यायला हाताला येईल तो जाड कागद घालत. लग्नपत्रिका, कॅलेंडरचा पुठ्ठा, काहीही. मिशनचे बंगले रिकामे झाले तेव्हाची रद्दी बाजारात गेली होती, हे मला ठाऊक होतं. त्यात पोस्टकार्डंही असणार. मी अन्वरभाईंना बाई कशी उभी आहे ते कागदावर काढून दिलं आणि सांगितलं, “जुनी फ्रेम उघडली की पाठ बघत जा.”

“कोण लागते तुमची?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“मग तर मन लावूनच शोधायला पाहिजे,” ते म्हणाले. कारण काही त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एका सकाळी मी घरी दाढी करत होतो. फोन बायकोने घेतला, ऐकला, आणि रिसीव्हर ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“राहात्याचे अन्वरभाई म्हणतात, तुमची बाई सापडली.”

मी अर्ध्या दाढीने उभा.

“कोण बाई?” तिने विचारलं.

मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. गुरुजी, दोन फ्रेम, ब्लेड, आणि “नव्हती”. तेवढं सलग मी लग्नात वचनं देतानासुद्धा बोललो नसेन. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं, देवळांचं वेड लागलंय तुम्हाला.” आणि टॉवेल पुढे करून, “तोंड धुवा, साबण वाळला. आणि जा.”

राहात्याला पोहोचलो तेव्हा अन्वरभाईंनी कार्ड काउंटरवर मऊ फडक्यावर ठेवलं होतं. कुठल्याशा पैलवानाच्या तसबिरीमागे, चित्र आतल्या बाजूला करून ते ठोकलं होतं. उजेड न लागल्याने कालच छापल्यासारखं. एक कोपरा कसरीने खाल्लेला, पत्र्याच्या छपरात खिळ्याचं भोक. साहेब, चार फेटे, आणि डावीकडे ती. कमरेवर पाटी. सरळ माझ्याकडे बघणारी.

“हिच्यासाठी चार वर्षं?” अन्वरभाई म्हणाले. “नजर बघा तिची. म्हणतेय, आलात का आता!”

मागे इंग्रजीत साहेबाचं अक्षर होतं. पुरुषांची नावं डावीकडून उजवीकडे, ओळीने पाचही. बाईचं नाव नव्हतं.

मी त्याची मोठी प्रत केली, खिळ्याच्या भोकासकट. सोनमाळला हंगामाचा सण होता. या सणाला मंडळी शेतातलं पहिलं पीक देवळात आणतात. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, तबला-पेटीवर भजनं. पाळकांना मी आधी फोनवर कार्ड सापडल्याचं कळवलं होतं. मनाशी पक्कं केलं होतं, आज उभं राहून सांगायचं.

पाळकांनी मला पुढे बोलावलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या खांद्यावर शाल आली. माझ्या चिकाटीवर ते पाच मिनिटं बोलले. टाळ्या झाल्या. सालोमीबाईंनी मोठी प्रत दोन्ही हातांनी वर धरली होती आणि शालनला म्हणत होत्या, “बघ. काय म्हनत हुतीस? भास हुतो व्हय म्हातारीला? ह्यो बघ माझा भास, पाटी घिऊन उभा हाय.” शालन खाली मान घालून हसत होती आणि डोळे पुसत होती. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली.

एका पंचांनी विचारलं, “पण मग पेटीतल्या कार्डात कशी नाही?”

पाळक म्हणाले, “दोन वेगळे फोटो असतील. एकदा ती असेल, एकदा बाजूला झाली असेल.” आणि खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. दुसऱ्यांदा.

शाल घरी ट्रंकेत गेली. थंडीत मी ती एकदा बाहेर काढली तर बायको म्हणाली, “ठेवा. ती तुमची नाही.” एवढंच. पुढे दीड वर्ष त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही, आणि तिच्या त्या न बोलण्याचा मला फार त्रास झाला. शेवटी मागच्या उन्हाळ्यात मी पाळकांकडून पेटीतलं कार्ड पाहण्यासाठी म्हणून मागून घेतलं, दुसरं कार्ड खिशात होतंच, आणि सालोमीबाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्या लसूण सोलत होत्या. शालन आत होती.

“आजी, तुमची आजी दोन्ही कार्डांत होती. यातली मी खरवडली.” मी कार्ड उन्हात तिरपं धरलं. असं धरलं की ब्लेडच्या रेघा दिसतात. “आणि तुम्ही विचारलंत तेव्हा नव्हती म्हणालो.”

त्यांनी पदराला हात पुसला आणि बोटाचं टोक त्या जागेवरून फिरवलं. गुळगुळीत कार्डावर तेवढा भाग खरबरीत लागतो.

“हितं?”

“इथं.”

“त्वांड बी?”

“तोंडही.”

कार्डावरून बोट न उचलता त्या म्हणाल्या, “का रं?”

मी गुरुजींचं नाव घेतलं नाही. म्हणालो, “माझी आजीही पाट्या वाहायची. मला लाज वाटायची.”

“हं,” त्या म्हणाल्या. पुन्हा लसूण हातात घेतला, दोन पाकळ्या सोलल्या. “आनि आता हितं मला एकटीला सांगाया आलास. मी खोटी ठरले ती चारचौघांत. देवळात, पंचांम्होरं. तितं सांग.”

“मला चारचौघांत बोलता येत नाही, आजी.”

“खोटं बोलाया आलं की.”

मी दोन्ही कार्डं गोळा करून खिशात ठेवली.

“बोलता येत न्हाई तर लिवून आन. लिवलेलं वाचाया काय हुतं? आन् मला आदी दाखव.” मी उठलो तेव्हा पाठीमागून म्हणाल्या, “ती शाल कुटं हाय?”

“ट्रंकेत. मला ती वापरवत नाही. पंचांना परत देणार आहे.”

“पंचांना कशाला? त्यांच्या घरी शाली काय थोड्या हायेत? मला आन. थंडीत बरी.”

त्यानंतर संपादकांचं पत्र आलं, आणि मी हे लिहिलं. गेल्या आठवड्यात शाल आणि ही पानं घेऊन सोनमाळला गेलो. पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, येत्या हंगामाच्या सणाला उपासनेनंतर वेळ देतो. तिथे हे मी उभं राहून वाचणार आहे. आवाज फुटला नाही तर थांबून पुन्हा वाचीन, पण दुसऱ्या कुणाला वाचायला देणार नाही. दोन्ही कार्डं एकाच फ्रेममध्ये, शेजारी शेजारी, देवळात लावायचं ठरलं आहे. फ्रेम अन्वरभाई करून देत आहेत.

ओट्यावर शालनने पानं मोठ्याने वाचली. सालोमीबाई शाल पांघरून ऐकत होत्या. ऊन मी म्हणत होतं, तरी पांघरली होती. धाकटा भाऊ कडबा झाला तिथे खुदकन हसल्या. ‘म्हातारीला भास होतो’ हे स्वतःचं वाक्य शालनने न अडखळता वाचलं. स्टुडिओतला प्रसंग आला आणि त्यांनी हात वर केला.

“थांब. काय म्हनला? पुन्ना वाच.”

शालनने वाचलं, “त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.”

“कुनाच्या? माझ्या? ह्ये मला नामंजूर हाय. खोड ते.”

मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि परत लावलं. म्हणालो, “आजी, आता माझ्या हाताने काही खोडत नाही. ते मला तसं दिसलं होतं, ते राहू दे. तुमचं म्हणणं त्याच्याखाली लिहितो.”

“लिव. पर माझ्या शब्दांत.”

त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं, ते असं: माझ्या डोळ्यांत पानी आलं न्हवतं. मला राग आला हुता, आनि त्यो अजून गेला न्हाई.